बाबासाहेब आणि शेजारचे देश

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, बडोद्याची नोकरी, चवदार तळे, काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षा. दरवर्षी जयंतीला ह्याच क्रमाने भाषणे होतात आणि ती व्हायलाच पाहिजेत. पण विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहा असे कमिटीने सांगितले तेव्हा ठरवले की, जे भाषणात येत नाही ते लिहायचे. बाबासाहेबांनी पाकिस्तान, चीन, तिबेट, लंका, ब्रह्मदेश, नेपाळ ह्या शेजाऱ्यांचा जन्मभर विचार केला. आपल्या जिल्ह्यांचाही त्यात संबंध आहे. मी काही प्रोफेसर नाही. डाळ मिलमध्ये पोती उचलता उचलता जे वाचले, ते माझ्या भाषेत सांगतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब जन्मले ते लष्करी छावणीच्या गावात. वडील रामजी सुभेदार होते, पलटणीच्या शाळेत शिकवायचे. आजोबा मालोजी तेही लष्करात. म्हणजे सरहद्द, छावणी, बदली, पेन्शन हे शब्द त्या घरात आपल्या घरातल्या भाकरीसारखे होते. आणि ह्याच काळात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांनी शंभर वर्षे त्यांच्यासाठी रक्त सांडले त्यांना घरी बसवले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पुन्हा पलटण उभी केली, युद्ध संपले की मोडून टाकली. ही गोष्ट बाबासाहेब कधी विसरले नाहीत.

त्याच महायुद्धाची झळ त्यांना स्वतःलाही बसली. न्यूयॉर्कचे शिक्षण करून ते लंडनला गेले होते आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परत यावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीने निघाली होती ती बोट शत्रूने समुद्रात बुडवली. उपाशी राहून एक एक करून जमवलेली पुस्तके. दूरदेशच्या लढाईत गरीब माणसाचे काय जाते हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती, त्यांची पुस्तकेच गेली होती.

पुढची वीस वर्षे सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून तिथे थांबत नाही. फक्त आपल्या मराठवाड्याची एक तारीख सांगतो. ३० डिसेंबर १९३८. कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली आणि निजामाच्या राज्यातल्या आपल्या माणसांसमोर बाबासाहेब उभे राहिले. आपल्या लोकांवर तेव्हा तिहेरी राज्य होते. वर निजाम, मध्ये जहागीरदार-देशमुख आणि गावात पाटील. इंग्रजी मुलखातल्या अस्पृश्याला निदान कौन्सिलात बोलणारा माणूस होता. इथे तेही नाही.

दोन वर्षांनी, १९४० च्या डिसेंबरात, पाकिस्तानवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा पाकिस्तान नावाचा देश जगाच्या नकाशावर नव्हता. लाहोरचा ठराव होऊन वर्षही झाले नव्हते. एक बाजू म्हणत होती की पाकिस्तान मिळालेच पाहिजे, दुसरी बाजू म्हणत होती की हे बोलणेच पाप आहे. बाबासाहेबांनी दोघांचेही हिशेब मांडून दाखवले. लोकसंख्या किती, महसूल किती, आणि सगळ्यात महत्त्वाचे, सैन्यात कोणत्या प्रांतातले किती लोक. सैन्यात पंजाब आणि सरहद्द प्रांताचा वाटा फार मोठा आहे, उद्या पश्चिमेकडून हल्ला आला तर हे सैन्य कोणाचे ऐकेल, असा रोकडा सवाल त्यांनी केला. डोंगराची सरहद्द मजबूत असण्यापेक्षा सैन्य भरवशाचे असणे जास्त गरजेचे, हा त्यांचा मुद्दा. आणि फाळणी करायचीच असेल तर तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया यांनी केली तशी अल्पसंख्याकांची अदलाबदल सरकारांनी ठरवून, मालमत्तेचा बंदोबस्त करून करावी, असे त्यांनी सुचवले. ते कोणी ऐकले नाही. १९४७ मध्ये अदलाबदल झालीच, पण कशी झाली ते जगाने पाहिले.

१९४१ च्या जुलैत संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. तिथे त्यांनी महारांच्या भरतीचा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पुढच्या वर्षी जपानने ब्रह्मदेश घेतला. रंगून पडले, हजारो हिंदी माणसे आसामच्या जंगलातून पायी चालत परत आली. युद्ध दाराशी आले होते. काँग्रेसने चले जाव म्हटले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यावरून त्यांना आजही बोल लावणारे भेटतात. त्यांचे म्हणणे असे होते की हिटलर आणि जपान जिंकले तर इंग्रज जातील पण लोकशाहीही जाईल, आणि लोकशाही नसेल तर अस्पृश्याला जगात कुठेच वाली नाही. मजूरमंत्री म्हणून त्यांच्या खात्याने काय केले हे आम्हा मिलवाल्यांना जास्त माहीत. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पाळी संपल्याचा भोंगा होतो तेव्हा मला ते आठवते.

आता आपल्या भागाचा सगळ्यात अवघड काळ. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड झाले नाही, लातूर झाले नाही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. निजामाला स्वतंत्र राहायचे होते. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा आपल्या लातुरातच वकिली करणारा माणूस. आपल्या समाजातल्या काही लोकांना धर्मांतराची, जमिनीची, नोकरीची आमिषे होती आणि काही ठिकाणी दहशत होती. दुसऱ्या बाजूला गावचा सवर्ण होता, तो खादी घालून आला तरी विहिरीवर पाणी भरू देत नव्हता. माणसाने जावे कुठे?

हैदराबादेत आपल्याच समाजाचे दोन मोठे पुढारी होते, बी. एस. व्यंकटराव आणि आपल्या औरंगाबादचे श्यामसुंदर. दोघेही बुद्धिमान, दोघांनीही आयुष्य समाजासाठी घालवलेले. त्यांनी निजामाची बाजू घेतली. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात गेले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादचा प्रश्न घेऊन जे शिष्टमंडळ पॅरिसला संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेले त्यात श्यामसुंदर होते. विचार करा, जातीच्या खालच्या पायरीवरचा मराठवाड्याचा माणूस सुरक्षा समितीच्या दारात, आणि तोही भारताच्या विरुद्ध बाजूने. काँग्रेसचे राज्य म्हणजे जमीनदारांचे राज्य, ही त्यांची भीती होती. आज बसून त्यांना दगड मारणे सोपे आहे, मी मारणार नाही.

बाबासाहेबांनी मात्र २७ नोव्हेंबर १९४७ रोजी पत्रक काढून आपले मत स्पष्ट केले. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांनी मिळेल त्या वाटेने भारतात यावे. जीव वाचवण्यासाठी धर्म बदलू नये, ज्यांना बळजबरीने बदलावा लागला त्यांना आपण भाऊ म्हणून परत घेऊ. हैदराबादच्या अस्पृश्यांनी भारताचा शत्रू झालेल्या निजामाची बाजू घेऊन समाजाला कलंक लावू नये. हिंदूंविषयी राग आहे म्हणून दुसऱ्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नये, हाही त्यातला सल्ला होता. हे लिहिणारा माणूस काही हिंदू समाजाचा वकील नव्हता. बारा वर्षांपूर्वीच येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलेले होते. पण घरातले भांडण वेगळे आणि घराला आग लागणे वेगळे, हा फरक त्यांना कळत होता.

नुसते पत्रक काढून ते बसले नाहीत. पाकिस्तानात सफाईचे काम बंद पडेल म्हणून तिथले सरकार आपल्या माणसांना सोडत नव्हते. मेहतराला जाऊ दिले तर कराचीची घाण कोण काढणार! १९४७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी ह्याबद्दल पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून तक्रार केली. दोन देश जमीन, पैसा, लष्कर, टेबलखुर्च्या वाटून घेत होते, त्यात ह्या माणसांची आठवण ठेवणारा एकच मंत्री होता.

१३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या. १६ तारखेला सुरक्षा समितीत प्रश्न निघाला आणि १७ ला निजामाने शरणागती दिली. पॅरिसमध्ये चर्चा सुरू व्हायला आणि इथे सगळे संपायला एकच गाठ पडली. त्यानंतर जे झाले तेही लिहिले पाहिजे. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने जास्तीत जास्त मनुष्यहानी झालेले जे चार जिल्हे सांगितले, त्यात उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. मेले ते बहुतांश गरीब मुसलमान. आपल्या वाड्यांवरही रझाकारांचे साथीदार म्हणून हल्ले झाले असे म्हातारी माणसे सांगत. माझी आजी पोलिस ॲक्शन हा शब्द काढला की गप्प बसायची. का ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही.

ह्या जखमेवर बाबासाहेबांनी काय केले? कॉलेज काढले. १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नाव मिलिंद. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा. त्याची राजधानी सागल म्हणजे पाकिस्तानातले सियालकोट असे सांगतात. नांदेड-लातूरच्या खेड्यातली पोरे पत्र्याची पेटी घेऊन ज्या नागसेनवनात उतरली, त्याच्या नावातच सरहद्दीपलीकडचा इतिहास होता. पोरांना तेव्हा ते ठाऊक नसणार, त्यांना मेसची चिंता.

१९५० च्या मे महिन्यात ते लंकेला गेले. कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली होती, २५ मे रोजी तिथेच बौद्धांची जागतिक संघटना स्थापन झाली. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्ष कसा पाळतात ते त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांनाही बुद्धाकडे वळायला सांगितले. ह्याच लंकेने स्वतंत्र होताच १९४८ च्या कायद्याने चहामळ्यांतल्या तामिळ मजुरांचे नागरिकत्व काढून घेतले होते. त्यात दलित फार. बौद्ध देश म्हटला की तिथे सगळे आलबेल असते असे आपण धरून चालतो, ते खरे नाही. पुढे १९८७ मध्ये भारताची शांतिसेना लंकेत गेली तेव्हा महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथे पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलामुळे दिला हे आपण सांगतो, ते बरोबरच आहे. पण निवेदनात आणखी कारणे होती आणि परराष्ट्र धोरण हे त्यातले एक ठळक कारण. त्यांनी साधा हिशेब दिला. सरकारचे वर्षाचे उत्पन्न सुमारे ३५० कोटी रुपये, त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. का? तर चार वर्षांत आपल्याला मित्रच उरला नाही म्हणून. शाळा, दवाखाने, जमीन ह्यासाठी पैसा राहणार कुठून? काश्मीरबद्दल त्यांचे मत होते की हिंदू आणि बौद्ध भाग भारताने ठेवावा, मुसलमान भागाचे तिथल्या लोकांना ठरवू द्यावे किंवा तो पाकिस्तानकडे जाऊ द्यावा, आणि आपण पूर्व बंगालमधल्या आपल्या माणसांकडे बघावे. लडाखच्या बौद्धांची गोष्ट दिल्लीत बोलणारे तेव्हा किती होते? हे मत आज कोणाला पटो न पटो, ते चोरून ठेवायचे कारण नाही.

१९५२ ला ते मुंबईत निवडणूक हरले, १९५४ ला भंडाऱ्यात हरले. आपण त्यांना निवडून देऊ शकलो नाही. राज्यसभेत बसून त्यांनी २६ ऑगस्ट १९५४ ला जे भाषण केले ते माझ्या मते आपल्या प्रत्येक विहारात एकदा तरी वाचले गेले पाहिजे.

त्याची पार्श्वभूमी अशी. १९५० च्या ऑक्टोबरात चीनच्या फौजा तिबेटात शिरल्या. १९५४ च्या एप्रिलात भारताने चीनशी तिबेटबाबत करार केला, तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले. त्या करारात पाच तत्त्वे घातली आणि त्यांना नाव मिळाले पंचशील. देशभर हिंदी-चिनी भाई भाईचा गजर चालू होता. अशा वेळी हा आजारी, पराभूत, एकटा माणूस उभा राहिला. त्यांचे म्हणणे असे की पंचशील हे बुद्धाचे आहे, आणि माओचा त्यावर विश्वास असता तर त्याने आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती. राजकारणात ह्या शब्दावर विसंबून राहू नका. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिले म्हणजे चीनची सरहद्द आणून आपल्या सरहद्दीला भिडवली. एका बाजूने पाकिस्तान, दुसऱ्या बाजूने चीन, असा भारत वेढला गेला आहे. आशिया आशियाई लोकांचा ही घोषणा ऐकायला गोड आहे, पण अर्धी आशिया साम्यवादी झाली असताना आशिया एक कुठे उरली? गोव्याबद्दलही ते बोलले. सुरुवातीलाच हालचाल केली असती तर लहानशा पोलिस कारवाईत काम झाले असते, नुसत्या ओरडण्याने काही होत नाही असे ते म्हणाले.

आपण विहारात रोज पंचशील घेतो, लहान पोरे हात जोडून म्हणतात. तोच शब्द दोन सरकारांच्या कागदावर चढला आणि आठ वर्षांत त्या कागदाचे काय झाले? १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारताच्या आश्रयाला आले. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. २ मार्च १९६३ ला पाकिस्तान आणि चीनने काश्मीरच्या सरहद्दीबाबत आपसात करार केला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला लष्कर पाठवूनच घ्यावे लागले.

पण सगळेच त्यांचे खरे ठरले असे मी म्हणणार नाही, भगवंतांनी आपल्याला तसे डोके झाकून मानायला शिकवलेले नाही. त्या भाषणात आग्नेय आशियातल्या संरक्षण कराराकडे, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या गटाकडे, त्यांचा कल होता. तो करार पुढच्या महिन्यात मनिलाला झाला आणि त्यात पाकिस्तान जाऊन बसला. अमेरिकेची शस्त्रे पाकिस्तानने १९६५ ला आपल्यावरच चालवली. आमच्या मिलमध्ये लाल बावट्याचा एक जुना साथी होता, तो ह्यावरून माझ्याशी जेवणाच्या सुट्टीत तासभर भांडायचा. ह्या एका मुद्द्यावर मला त्याचे म्हणणे थोडे पटते.

१९५५ च्या डिसेंबरात भाषावार राज्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. त्यात मराठवाड्याला धरून मध्य महाराष्ट्र हे वेगळे राज्य असावे असे होते, ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्यातच आणखी एक सूचना होती, हैदराबाद ही भारताची दुसरी राजधानी करा. कारण काय? दिल्ली शेजाऱ्यांच्या बॉम्बच्या टप्प्यात आहे. लढाई झाली तर सरकार पळणार कुठे? हैदराबाद देशाच्या मधोमध आहे, सगळ्या सरहद्दींपासून लांब आहे, आणि दक्षिणेच्या लोकांनाही राज्य आपले वाटेल. सात वर्षांपूर्वी ज्या शहरात जाऊन फौजेने निजामाला नमवले, तेच शहर देशाची राजधानी व्हावे असे म्हणायला मन मोठे लागते. नांदेड तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण तिथून सुटून मुंबई राज्यात आलो. ते झाले असते तर आपली पोरे नोकरीला कुठे गेली असती ह्याचा मी कधी कधी विचार करतो.

ब्रह्मदेशाला ते १९५४ मध्ये दोनदा गेले. दुसऱ्या वेळी, डिसेंबरात, रंगूनला तिसरी जागतिक बौद्ध परिषद होती. प्रकृती फार खालावली होती. भारतात धम्म पुन्हा कसा रुजवायचा, त्यासाठी धर्मग्रंथ, भिक्खूंचे शिक्षण, शाळा काय लागेल, ह्याचे टिपण त्यांनी तिथल्या बौद्ध शासन मंडळाला दिले. परतल्यावर २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. आमच्या मिलमध्ये बर्माची तूर आणि उडीद येतो. पोत्यावर रंगूनचा छाप दिसला की मला ती मूर्ती आठवते, आणि मुकादम ओरडला की पोते उचलतो.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले ते कुशिनाराचे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचेच. देशातला प्रश्न होता, पण त्याच्या उत्तरासाठी शेजाऱ्याचा हात लागला.

दीक्षेनंतर महिनाभरात ते काठमांडूला गेले. चौथी जागतिक बौद्ध परिषद होती, राजे महेंद्र होते. नेपाळ हा भारत आणि चीन ह्या दोन मोठ्यांच्या मध्ये अडकलेला छोटा देश. २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स ह्या विषयावर बोलले. बौद्ध देशांतली तरुण मंडळी साम्यवादाकडे ओढली जात आहेत हे त्यांना दिसत होते. गरिबी नाहीशी करणे हे दोघांचेही ध्येय, पण मार्ग वेगळा, एकाचा बळजबरीचा आणि दुसऱ्याचा मन वळवण्याचा, हे त्यांनी समजावून सांगितले. भिक्खूंनी ह्या तरुणांना उत्तर दिले नाही तर बौद्ध देश बौद्ध राहणार नाहीत, ही त्यांची चिंता होती. पुढे कंबोडियात काय झाले ते आपल्या पिढीने ऐकले आहे. १९७५ ते १९७९ ह्या चार वर्षांत विहार ओस पडले, भिक्खूंना चीवर उतरवायला लावले आणि लाखो माणसे मेली.

काठमांडूहून लुंबिनी, वाराणसी, सारनाथ, कुशिनारा असे करत महिनाअखेरीला ते दिल्लीला परतले. शरीर पार थकले होते. ५ डिसेंबरच्या रात्री ते बुद्ध आणि त्याचा धम्म ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद बघत होते. ६ डिसेंबरला सकाळी सगळे संपलेले होते. विमानाने त्यांना मुंबईला आणले. ७ तारखेला दादरच्या समुद्रावर चितेसमोरच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. ग्रंथ पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, छापून आला.